टॉवर स्पीकर, सबवूफर आणि भाड्याचा फ्लॅट

प्रश्न असा: पुण्यात भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट, करार ११ महिन्यांचा. खालच्या मजल्यावरून आवाजाची दोनदा तक्रार आलेली. टॉवर स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे मोठे) १,१०,०००, सबवूफर (फक्त बास, म्हणजे खालच्या जाड सुरांसाठीचा स्पीकर) ३५,०००, अँप्लिफायर ३५,०००; एकूण १,८०,००० रुपये, 'नो कॉस्ट' १२ हप्त्यांत. वर भिंतींना फोम लावायला ४५,०००. शिल्लक २,१०,०००, महिन्याचा खर्च ५२,०००, बचत १८,०००. घ्यावं का?

फोम आधी यादीतून काढा. दोन इंची फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जाणं थांबवत नाही. ५० हर्ट्‌झच्या बासची लहर जवळपास सात मीटर लांब असते. तिला फोम म्हणजे पडदाच. शिवाय चिकटवलेला फोम काढताना रंग निघतो, तो डिपॉझिटमधून वळता होतो.

खाली जाणारी धडधड स्लॅबमधून जाते, आणि नेमक्या त्याच बाससाठी तुम्ही टॉवर आणि सबवूफर मिळून १,४५,००० मोजताय. नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल. घरातल्या यंत्रणेचा आवाज हद्दीवर त्याहून पाचच डेसिबल जास्त चालतो. नोकरी करून रात्री ऐकणाऱ्याला हा बास मिळणार कधी?

जवळ बसून ऐका. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एका वॉटवर एक मीटर अंतरावर इतका आवाज) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या, स्पीकरला दीड मीटरवर ७५ डेसिबलसाठी एक वॉटही लागत नाही. ठोक्यांसाठी ३०-४० वॉटचा अँप्लिफायर पुष्कळ. स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून ४०-५० सेंटिमीटर पुढे. कोपऱ्यात बास फुगतो. स्पीकरच्या मागच्या भोकात मोजा कोंबला तरी बास उतरतो (हसू नका, कंपन्या यासाठी फोमची बुचं देतात).

बुकशेल्फची जोडी २५,०००, अँप्लिफायर १४,०००, स्टँड ५,०००, रात्रीसाठी हेडफोन ११,०००: एकूण ५५,०००.

आता हप्ता. १५,००० गेले की हाती उरतात ३,०००, आणि सहा महिन्यांचा आकस्मिक निधी, म्हणजे ३,१२,०००, अपुराच राहतो. 'नो कॉस्ट'ही फुकट नाही: बँकेचा दर १५ टक्के धरला तर सुमारे १३,८०० व्याज असतं, तेवढी सवलत दुकान देतं म्हणून ते दिसत नाही; त्यावरचा १८ टक्के जीएसटी, साधारण २,५०० रुपये, तुमच्याकडून जातो. प्रक्रिया शुल्क वेगळं. रोखीत तीच सवलत मागून बघा.

या महिन्यात फक्त हेडफोन घ्या. पुढचे सहा महिने पूर्ण बचत निधीत टाका, ३,१८,००० होतील. मग अडीच महिन्यांत बाकीचे ४४,००० रोख जमतात.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून घरी डेमो मागा. नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि खालच्यांच्या परवानगीने त्यांच्या बेडरूममध्ये उभे राहा. शब्द ऐकू आले तर वाट खिडकीतून किंवा दाराखालच्या फटीतून आहे, काहीशे रुपयांच्या रबरी पट्टीने बरंच भागतं. नुसते ठोके आले तर ते स्लॅबमधून येतायत; बास कमी करा किंवा तो स्पीकर परत पाठवा.