मेन एमसीबी सारखा पडतो, जास्त अँपिअरचा बसवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय ते असं: कोथरूडच्या जुन्या सोसायटीत टू बीएचके, आधी एकच गीझर होता. आता दुसरा गीझर, इंडक्शन आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं. सकाळच्या घाईत अर्ध्या-पाऊण तासात २५ अँपिअरचा मेन एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. वायरमन म्हणतो ४० चा टाकून देतो, दहा मिनिटांचं काम.

नका टाकू. निदान मीटरपासून घरातल्या डीबीपर्यंतची (सगळे एमसीबी बसवलेल्या बॉक्सपर्यंतची) वायर किती जाडीची आहे ते बघेपर्यंत तरी नाही. मी वायरिंगचीच कामं घेतो, आणि त्या काळातल्या इमारतींत वर आलेली वायर बऱ्याचदा ४ चौरस मिमीचीच निघते. ती पाइपातून गेलेली असली की पंचवीस-तीस अँपिअरच्या पुढे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. एमसीबी असतो तो या वायरला जपायला, तुमच्या गीझरला नव्हे. ४० चा बसवलात तर तो पडायचा थांबेल खरा, पण ३५ अँपिअर रोज त्याच वायरमधून जातील आणि तिचं इन्सुलेशन भिंतीच्या आत भाजत राहील. ४० चा हवाच असेल तर आधी १० चौरस मिमीची तांब्याची वायर ओढून घ्या.

आता हिशोब बघा. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. दोन गीझर प्रत्येकी २००० वॅट, इंडक्शन पूर्ण आचेवर २०००, मशीनचा हीटर चालू असताना आणखी साधारण २०००. झाले ८००० वॅट, म्हणजे जवळजवळ ३५ अँपिअर. २५ चा एमसीबी एवढ्याला लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून वाकायला वेळ घेते. म्हणून तुमच्याकडे तो अर्ध्या-पाऊण तासाने पडतो. हे ओव्हरलोडचंच लक्षण आहे. बटण दाबताक्षणी पडत असता तर शॉर्ट शोधावा लागला असता, आणि गीझर लावल्यावर एमसीबीऐवजी आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) पडत असता तर मी आधी गीझरचं एलिमेंट तपासलं असतं.

एक पैसा खर्च न करता यातले निम्मे अँपिअर कमी होतात. १५ लिटरच्या गीझरला २० अंशांचं पाणी ५५ अंशांवर न्यायला १८-२० मिनिटं पुरतात. लोक मात्र पहिल्या चहाला चालू करतात आणि शेवटचा माणूस आंघोळ करून येईपर्यंत दोन्ही चालूच! एक आटोपला की दुसरा लावा. मशीनवर कॉटन ४० अंश असा प्रोग्रॅम आपोआप येत असेल तर तो कोल्डवर घ्या. मग हीटर लागतच नाही, मोटर चालते ती काहीशे वॅटवर. रोजच्या कपड्यांना पुण्यात गरम पाणी लागतं असं मला तरी वाटत नाही. गच्चीवर सोसायटीचं सोलर असेल आणि त्याची लाइन बाथरूमपर्यंत आली असेल, तर उन्हाळ्यात गीझरचं बटण बंदच ठेवा.

एवढं करून भागलं तर बाकी काही करू नका. पुढे एसी घ्यायचाच असेल तर मात्र महावितरणचं बिल काढून ‘मंजूर भार’ बघा. घरातलं सगळं मिळून त्याच्या वर जात असेल तर भार वाढवण्याचा अर्ज करा, आणि लोड फारच वाढत असेल तर थ्री फेज, म्हणजे एकाऐवजी तीन फेजच्या वायरींवर वाटून येणारं कनेक्शन, मागा. थ्री फेजला स्थिर आकार जास्त लागतो. शिवाय मीटर रूमपर्यंतच्या केबलवर जागा आहे का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. थ्री फेज आल्यावर दोन्ही गीझर वेगवेगळ्या फेजवर टाकायला सांगा. मी बघितलेल्या काही घरांत दोन्ही गीझर आणि इंडक्शन एकाच फेजवर होते, बाकीचे दोन नुसते पंखे फिरवत बसलेले.

एक काम आजच करा. गीझर वीसेक मिनिटं चालवून बंद करा, मेन पाडा आणि प्लग काढून बघा. पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल तर आत संपर्क सैल आहे. अशा वेळी नुसता प्लग बदलून काही होत नाही, १६ अँपिअरचा सॉकेटही नवा टाका आणि मागच्या वायरचं जळकं टोक कापून पुन्हा जोडायला लावा. आणि इंडक्शन एक्स्टेन्शन बोर्डवर चालत असेल, जे तुम्ही लिहिलं नाहीये पण मला शंका आहे, तर त्याच्यासाठी डीबीपासून वेगळी ४ चौरस मिमीची लाइन आणि २० चा स्वतंत्र एमसीबी टाकून घ्या.