क्लास घेतल्याने व्हायोलिनवादकाचा हात बिघडतो का? कार्यक्रम आणि शिकवणं दोन्ही कसं सांभाळायचं?

हात बिघडत नाही. हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं असेल त्याची मला कल्पना आहे, कारण मलाही ते तोंडावर ऐकवलं गेलंय.

गुरुजींच्या पुण्यतिथीला आम्ही शिष्य दरवर्षी वाजवतो. आयोजन एका ज्येष्ठ गुरुबंधूंकडे असतं. एका वर्षी त्यांनी मला एकलवादन दिलंच नाही. म्हणाले, "तुझी क्लासची मुलं आहेत ना, त्यांचं एखादं समूहवादन बसव. तुला आता रियाजाला वेळ कुठे मिळतो!" मी मुलांचं बसवलं, ते छानच झालं. पण चहाच्या वेळी "आमची मास्तरीणबाई" अशी ओळख करून दिली, ते मी विसरलेले नाही.

व्हायोलिनवादक एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात जवळपास ४० वर्षं शिकवलं. आपल्या वाईचे व्ही. जी. जोगही व्हायोलिनवादकच, ते लखनौला शिकवत होते. यांचा हात बिघडला म्हणायची कुणाची छाती आहे?

माझ्याकडे अकरावीतली एक मुलगी बागेश्री राग शिकत होती. मध्येच थांबून म्हणाली, "ताई, ध वरून म वर येताना बो (गज) तोच ठेवायचा की बदलायचा?" माझा हात ते आपोआप करतो, गुरुजींचा बघून बघून बसलेलं. पण तिला "आपोआप" सांगून भागणार नव्हतं. मी बंदिश आधी गायले, मग सावकाश वाजवली. ध ते म ही मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) एका अक्षरावर येत होती, म्हणून बोट न उचलता, त्याच बोमध्ये घसरत यायचं. पुढचं अक्षर आलं की नवा बो. मधल्या घसरणीत बोचा दाब हलका करायचा, नाहीतर म वर पोचायच्या आधीच आवाज किरकिरतो. तिला दहा मिनिटांत जमलं. त्या रात्री मी त्याच बंदिशीचं सगळं बोइंग (बो कुठे बदलायचा ते) अक्षरांवरून पुन्हा लावलं आणि आता मैफलीत तसंच वाजवते. गायकी अंग, म्हणजे गायल्यासारखं वाजवणं, म्हणतात ते हेच, आणि ते असं नीट उलगडायला मला त्या मुलीचा प्रश्न लागला. एकट्याने सहा तास घासणाऱ्यांना असे प्रश्न कोण विचारतं?

आता वेळेचं. सकाळ कुणालाही द्यायची नाही, पालक कितीही गळ घालोत. क्लास संध्याकाळी, शनिवार-रविवार कार्यक्रमांसाठी मोकळे. खरी अडचण नोव्हेंबर-डिसेंबरची. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आणि कार्यक्रमांचा सीझन एकदमच येतात. मी परीक्षेची मुलं शक्यतो एप्रिल-मेच्या सत्राला बसवते. कार्यक्रमाच्या आठवड्यात नवशिक्यांचा ग्रुप घेत नाही, कारण तासभर बेसूर सा कानावर पडला की स्वतःचं व्हायोलिन लावतानाही कान दमलेला असतो. फी तिमाहीची आगाऊ घ्या, म्हणजे दौऱ्यामुळे बुडालेल्या तासांवरून घासाघीस होत नाही.

हे सगळं मांडी घालून हिंदुस्थानी वाजवणाऱ्यांसाठी. तुम्ही ऑर्केस्ट्रात असाल तर तालमींच्या वेळा तुमच्या हातात नसतात, तिथे माझं गणित चालणार नाही. आणि स्वतःचा हात बसायच्या आत पोटापाण्यासाठी क्लास काढला असेल तर मात्र नुकसान होतं, हेही खरं.

निवेदकाला परिचय लिहून देताना शिकवण्याचा उल्लेख लपवू नका. मी तो पहिल्याच ओळीत घालते. यंदाच्या पुण्यतिथीचं बोलावणं आलंय, पुन्हा समूहवादनासाठीच. मी कळवलंय की मुलं वाजवतील, आणि त्यांच्यानंतर अर्धा तास मी बागेश्री वाजवीन. ते मान्य असेल तरच आम्ही येऊ.