कॅनडाच्या फाइलचे दीड लाख परत मिळतील का?

प्रश्न : मी सिडकोत राहते, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, एका कन्सल्टन्सीशी करार केला. त्यांच्या नाशिकच्या ऑफिसात टॅबवर अकरा पानं भराभर सरकवली आणि सहीऐवजी माझ्याकडून ओटीपी घेतला. त्याच आठवड्यात साठ हजार ऑनलाइन दिले, पन्नास हजार क्रेडिट कार्डवरून, चाळीस हजार मिस्टरांनी रोख. रोखीची पावती दिली नाही, पण रात्री त्यांच्या काउन्सिलरचा व्हॉट्सॲप आला, ‘४० रिसीव्ह्ड, थँक यू मॅम’. माझा स्कोअर ४३८ आहे आणि चान्स ९८ टक्के आहेत, हेही व्हॉट्सॲपवरच लिहिलं होतं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मार्चमध्ये झाली. कॅनडा सरकारकडे माझं प्रोफाइल त्यांनी टाकलं नोव्हेंबरमध्ये. तोवर मला पस्तीस पूर्ण झाली होती. त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये माझं पद ‘मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजर’ दिसतं. गेल्या नोव्हेंबरात प्रोफाइलची मुदत संपली, ते मला कुणी कळवलंही नाही. रिफंड मागितला तर ईमेल आला : पैसे नॉन-रिफंडेबल, व्हिसाची हमी कधीच नव्हती, वाद असेल तर दिल्लीत लवादापुढे या. वर आणखी ७५ हजार भरले तर जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणतात. रोज इथल्या कॅनडा कॉर्नर चौकावरून जाते, ती पाटी बघवत नाही. दोन वर्षं होत आली. पोलिसांत जाऊ का? आता काही होईल का? — एक वाचक, नाशिक (जानेवारी २०२६)

उत्तर : ताई, होईल. पण सगळ्यात आधी तारीख बघा, बाकीचं नंतर.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. माझ्या मते तुमचं कारण प्रोफाइल लांबवल्यापासून रिफंड नाकारेपर्यंत घडत आलं आहे, त्यामुळे मुदत अजून शिल्लक आहे. समोरचा वकील मात्र पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणेल की करार फेब्रुवारी २०२४ चा, पैसेही तेव्हाच घेतले, मुदत संपली. हा वाद आपण उभाच राहू द्यायचा नाही. २४ फेब्रुवारी २०२६ च्या आत तक्रार ग्राहक आयोगात गेली पाहिजे. नुसते ईमेल आणि स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. अशा कितीतरी फायली माझ्याकडे दोन वर्षं उलटल्यावर येतात, कारण ‘सर पुढच्या आठवड्यात बघतो म्हणालेत’. मग उशीर माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज, त्याची कारणं, त्यावर युक्तिवाद. तुम्ही वेळेत लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं.

आता दिल्लीचं. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते, असं कलम ३४ स्पष्ट सांगतं. तुम्ही नाशिकच्या, तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात कायम केलं आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्याच्या पन्नास लाखांपर्यंत आहे आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

मुख्य मुद्दा यापुढे आहे. ‘व्हिसा मिळाला नाही म्हणून पैसे परत द्या’ असं लिहिलंत तर तक्रार लंगडी पडेल. व्हिसा देणं कॅनडा सरकारच्या हातात आहे आणि हमी नसल्याच्या कलमाखाली तुमचा ओटीपी आहे. तुमची तक्रार वेगळी आहे : ज्या कामाचे पैसे घेतले ते काम वेळेत केलं नाही, चुकीचं केलं, आणि गिऱ्हाईक मिळवण्यासाठी खोटं सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी सेवेतली त्रुटी, तिसरी अनुचित व्यापारी प्रथा.

तिसरीचा पुरावा तर त्यांनीच लिहून दिला आहे. एक्स्प्रेस एन्ट्री म्हणजे गुणांवरून पीआरचे उमेदवार निवडायची कॅनडा सरकारची पद्धत. तिच्या प्रत्येक फेरीची कट-ऑफ, म्हणजे निवडीसाठी लागलेले किमान गुण, ते सरकार स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करतं. तुम्ही सही केली त्या फेब्रुवारीतल्या दोन्ही सर्वसाधारण फेऱ्या ५३० च्या वर बंद झाल्या. तुमचे ४३८. जवळपास शंभर गुणांचं अंतर दिसत असताना, रोज हेच काम करणारा माणूस ‘९८ टक्के’ लिहितो. तो मेसेज आणि त्या फेऱ्यांची प्रिंट शेजारी-शेजारी जोडा. दीड लाख कशाच्या भरवशावर घेतले, ते आयोगाला त्या दोन कागदांवरून कळेल.

उशिराचा हिशोबही असाच मांडा. मार्चमध्ये निकाल हाती असताना आठ महिने प्रोफाइल टाकलं नाही. जोडीदारासह अर्ज असेल तर वयाच्या ३४ व्या वर्षी ७५ गुण मिळतात, ३५ पूर्ण झाल्यावर ७०. पाच गुण त्यांच्या ढिलाईत गेले. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणजे तो या मार्चमध्ये बाद होईल. ती फीसुद्धा नुकसानीत मागा. मुळात एक्स्प्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल टाकायला कॅनडा सरकार एक पैसा घेत नाही, हेही तक्रारीत लिहा.

एक चूक टाळा. ‘करारच अन्याय्य ठरवा’ अशी मागणी करू नका. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगापुढे जाते आणि जिल्हा आयोगात विनाकारण हरकत येते. त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच ठाम राहा. पावती न देणं हेदेखील कायद्यात अनुचित प्रथा म्हणून सांगितलं आहे. चाळीस हजारांसाठी तो ‘४० रिसीव्ह्ड’चा मेसेज, पैसे बँकेतून काढले असतील तर त्या दिवसाचं स्टेटमेंट आणि मिस्टरांचं प्रतिज्ञापत्र, एवढं जोडा. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला पैशांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं ते. तुम्ही क्वालिटी इंजिनिअर आणि प्रोफाइलमध्ये मॅनेजर! कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. ती बंदी तुमच्यावर येईल, कन्सल्टन्सीवर नाही, आणि ‘एजंटने भरलं’ ही सबब तिथे सहसा चालत नाही. तुमच्या नावाने काय काय भरलं ते अक्षर न् अक्षर तुमच्या हातात आलं पाहिजे. पुढे कधी स्वतः अर्ज करायचा झाला तर आधीची चूक लपवू नका, सांगा.

म्हणून तक्रारीआधी कन्सल्टन्सीला नोटीस पाठवा आणि तीत पैशांबरोबर दोन गोष्टी मागा : प्रोफाइलच्या खात्याचा ईमेल-पासवर्ड आणि भरलेल्या प्रोफाइलची प्रत, आणि तुमचं काम ज्याने पाहिलं त्या परवानाधारक सल्लागाराचं नाव व नंबर. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या कायद्याने वकील किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक अशा मोजक्यांनाच दिला आहे. कॉलेजची यादी कुणालाही पाहता येते. नाव दिलं नाही, तर तेही तक्रारीत येईल. नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, मुख्य कार्यालय व नाशिक शाखा दोघांना, पंधरा दिवसांची. नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, त्यामुळे उत्तराची वाट पाहत २४ फेब्रुवारी ओलांडू नका.

पोलिसांत जाण्याबद्दल. काम न करणं आणि फसवणूक यांत कायदा फरक करतो. फसवण्याचा हेतू पहिल्या दिवसापासून होता हे दाखवावं लागतं. ‘९८ टक्के’चा मेसेज तिकडे बोट दाखवतो, म्हणून लेखी अर्ज जरूर द्या. व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागेल. पण गुन्हा नोंदवला म्हणजे पैसे आले असं होत नाही. पैशांचा रस्ता आयोगातूनच. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चाला. मधे कंपनी तडजोडीला येते असा माझा अनुभव आहे. आली तर रक्कम खात्यावर जमा झाल्याशिवाय कशावरही सही करू नका.

जर्मनीच्या पैशांना हात लावू नका. परदेशात नोकरी लावून द्यायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली भरती एजंटचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला तीस हजार अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. ७५ हजारांचा आकडा त्यात कुठेच बसत नाही.

त्या ऑफरला उत्तर देऊ नका, पण तो मेसेज पुसूही नका. आज रात्री चॅट एक्स्पोर्ट कराल तेव्हा त्याचीही प्रिंट काढा. तक्रारीला तो जोडायचा आहे.