चॅट्सवर्थसारख्या जुन्या इंग्लिश इस्टेटीभोवतीची गावं बघण्यासारखी आहेत का? तिथले लोक अजूनही मालकाच्याच घरांत राहतात का?

हो, राहतात. चॅट्सवर्थ ही डर्बीशायरमधली, डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्याची इस्टेट. एडन्सर, पिल्सली, बीली या गावांतली बरीच घरं आजही इस्टेटीच्या मालकीची आहेत आणि ती भाड्यानं दिली जातात. भाडेकरूंमध्ये तिथं नोकरी करणारे आणि तिथूनच निवृत्त झालेले पुष्कळ. दरवाजांचा निळा रंगसुद्धा इस्टेटीचाच. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की ‘त्या लोकांनी आपली गावं जशीच्या तशी जपली, आपण मात्र वाडे पाडले.’ हे मी घरी इतक्या वेळा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

एडन्सर जसंच्या तसं जपलेलं नाही. मूळ गाव ड्यूकच्या बंगल्याच्या समोर, नदीपलीकडच्या उतारावर होतं. ड्यूकसाहेबांच्या खिडकीतून ते दिसायचं, आणि ते दिसू नये म्हणून त्याचा मोठा भाग पाडला. सहाव्या ड्यूकनं 1838 नंतरच्या काही वर्षांत टेकडीच्या आड नवं गाव वसवलं. प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं. कुठं स्विस, कुठं इटालियन. देखणं आहे, वादच नाही. जुन्या गावातलं एक घर तेवढं उद्यानात भिंतीआड उरलंय. तिकडं गेलात तर आधी ते घर बघा, मग नवं गाव बघा. क्रम उलटा झाला तर काही कळणार नाही.

आमच्या घरातला वाद केळीवरून सुरू झाला. आम्ही रावेरकडचे, वडिलांची हयात केळीत गेली. मी नोकरीमुळं चॅट्सवर्थजवळच्या चेस्टरफील्डला आहे. काही वर्षांपूर्वी आई-बाबा आणि दादा इकडं आले, तेव्हा त्यांना चॅट्सवर्थला नेलं. तिथल्या काचघरात केळीची झाडं आहेत. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, जगभर खाल्लं जाणारं कॅव्हेंडिश केळं इथूनच गेलं. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून हे नाव. दादा भारावून गेला. म्हणाला, बघा बाबा, आपली बसराई, आपली ग्रँड नैन, हे कॅव्हेंडिशचेच वाण, सगळे यांच्या कृपेनं.

बाबा काही बोलले नाहीत. ते खोडाशी वाकून मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, बघत होते. मग मला म्हणाले, “विचार, हे काढतं कोण?” बाईंनी एका माळ्याला हाक मारली. पुढचा बराच वेळ मी दुभाषा. निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, किती महिन्यांनी होते, घडाचं वजन किती भरतं, पाणी कधी तोडता, थंडीत पानं करपतात का. माळी उत्साहानं सांगत होता आणि बाबा मान हलवत होते. त्यानं एका झाडाजवळ नेऊन कंद दाखवला, तेव्हा बाबांनी मातीत हात घातला आणि म्हणाले, “निचरा चांगला आहे.” त्या माळ्याला मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जो खुलला, तो दादानं बघायला हवा होता. तो तोवर दुकानात गेला होता.

आता इतिहास सांगतो, कारण दादानं तो कधी पुरता ऐकून घेतला नाही. हा वाण मूळचा दक्षिण चीनकडचा. मॉरिशसमार्गे इंग्लंडला आला. चॅट्सवर्थला त्याचं झाड 1835 मध्ये फुललं ते जोसेफ पॅक्स्टनच्या हाताखाली. पॅक्स्टन शेतकऱ्याचा मुलगा, तेविसाव्या वर्षी मुख्य माळी झालेला. नाव मात्र लागलं मालकाचं. आणि आपल्याकडं केळी हजारो वर्षांपासून आहे, ती कोणाच्या कृपेनं आलेली नाही. पॅक्स्टननं तिथं जे प्रचंड काचगृह बांधलं, त्याच्या आठ भट्ट्यांना कोळसा बोगद्यातून जायचा, म्हणजे फिरायला आलेल्या पाहुण्यांना गाड्या दिसू नयेत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि 1920 मध्ये ते काचगृह उडवून दिलं. गाव टेकडीआड, कोळसा जमिनीखाली. ही शोभा उभी राहिली ती राबणारे हात नजरेआड करून, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादाचं म्हणणं, पैसा लावला त्यानं केलं. माझं म्हणणं, मुनवे काढले त्यानं केलं. पॅक्स्टनचा सहकारी जॉन गिब्सन 1835 मध्ये ऑर्किड आणायला निघाला तो खासी टेकड्यांपर्यंत गेला, ती झाडं तिथल्या माणसांनी दाखवल्याशिवाय त्याला सापडली असती का? दादा, हे वाचत असशील तर यावर उत्तर दे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ही घरं टिकवणं सोपं नव्हतं. 1950 मध्ये दहावा ड्यूक वारला तेव्हा वारसाकर 80 टक्के होता. त्यापायी याच घराण्याचा दुसरा जुना वाडा, हार्डविक हॉल, सरकारकडं गेला. कर फेडायला दशकं लागली. आणि 1932 मध्ये डर्बीशायरमधल्याच किंडर स्काउट या डोंगराच्या माळावर चालण्याच्या हक्कासाठी कामगार पोरं घुसली, त्यातल्या पाचजणांना तुरुंग झाला. ती जमीन याच घराण्याची होती. पण 2002 मध्ये अकराव्या ड्यूकनं जाहीर माफी मागितली. वाडे पाडणारे आपल्याकडंही आहेत हे खरंच. त्यासाठी इंग्रजांचं कौतुक करायची गरज नाही, आपल्या नगरपालिकेत जाऊन भांडायची गरज आहे.

जाणार असाल तर शेफील्डहून 218 नंबरची बस थेट जाते. उद्यानात आणि एडन्सरमध्ये फिरायला तिकीट नाही, बंगला आणि बाग यांना आहे. पॅक्स्टनची कबर एडन्सरच्या चर्चच्या आवारात आहे. काचघरात गेलात तर माळ्याशी बोला, त्यांना शेतीवाला माणूस भेटला की आनंद होतो.