गाणं सगळे फुकट ऐकतात, मग मुलाचं पोट कसं भरणार?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी झाला, तबला-पेटी वाजवतो, चाली लावतो. मित्राच्या शब्दांवर केलेल्या चार मिनिटांच्या गाण्याला यूट्यूबवर 40 हजार व्ह्यूज मिळाले, पण हातात रुपया नाही. आता एक स्टुडिओ 15 हजार देऊन 'सर्व हक्क कायमचे' लिहून मागतोय. लोक पैसेच देत नसतील तर त्याला या वाटेला जाऊ द्यावं का?

नमस्कार. आधी त्या कागदाचं बोलू. सही करू देऊ नका. मुलाला अठरा पूर्ण नसतील तर त्याच्या सहीला करार म्हणून अर्थच नाही, आणि तुम्ही पालक म्हणून करणार असाल तरी थांबा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहून देताना कोणतं गाणं, कोणते हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश हे सगळं नमूद हवं. मुदत लिहिलीच नसेल तर पाच वर्षं धरतात. 'कायमचे' लिहिलंत की ती सवलत गेली. 2012च्या दुरुस्तीमुळे संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लिहून घेता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. पण सोसायटीकडे नाव नसेल तर तो वाटा गोळा कोण करणार? म्हणून मुलाने आणि मित्राने, दोघांनीही, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीचं सभासद व्हावं. चाल कोणाची, शब्द कोणाचे, किती टक्के, हे आजच एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मैत्रीत हेच राहून जातं, आणि गाणं चाललं की भांडण तिथूनच सुरू होतं.

स्टुडिओला सांगा: फक्त हे ध्वनिमुद्रण, पाच वर्षांसाठी; चाल आणि शब्द आमचे.

यूट्यूबचं गणित सोपं आहे. जाहिरातीतला वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास पाहणं लागतं. 40 हजार जणांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं असतं तरी 2667 तासच भरतात. म्हणजे गाणं पडलं नाही, चॅनेल अजून लहान आहे. गाणी वितरकामार्फत सगळ्या ॲपवर टाकताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं असलं की पैसे कोणाचे हेच जुळत नाही. नेटवरून उचललेला लूप, म्हणजे संगीताचा तयार तुकडा, वापरला तर दुसऱ्याच कोणाचा दावा येऊन बसतो.

आता ऐकणाऱ्यांचं. त्यांनी पैसे द्यावेत, असंच माझं ठाम मत आहे. या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं शाहू महाराजांच्या आश्रयावर उभं राहिलं. आज तो भार रसिकांनीच उचलायला हवा. मात्र ॲपची वर्गणी थेट आवडत्या गायकाकडे जात नाही. बहुतेक ॲपवर सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे वाटले जातात. स्पॉटिफायवर तर 12 महिन्यांत 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला त्यातलं काहीच मिळत नाही. तिकीट काढून मैफलीला येणारा माणूस नव्या कलाकाराला जास्त उपयोगी पडतो.

घर मात्र सुरुवातीला शिकवण्या, साथसंगत आणि गणेशोत्सव-नवरात्रातल्या कार्यक्रमांवरच चालेल. सुपारी घेताना तारीख, वेळ, साउंड कोणाचा, गाडीभाडं कोणाचं हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं आणि निम्मे पैसे आगाऊ. कार्यक्रम संपल्यावर मागायला गेलं की मंडळाचा हिशेब संपलेला असतो.

मुलाला जाऊ द्या. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, त्याचे प्रवेश पाहा. सोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत न्या, शिकवण्या मिळवताना ते प्रमाणपत्र कामी येतं. येत्या गणेशोत्सवापासून वर्षभराची कमाई एका वहीत शिकवणी, साथ, कार्यक्रम, रॉयल्टी अशा चार रकान्यांत लिहायला लावा. पुढच्या वर्षी ती वही घेऊन दोघेही या.