माणूस सगळ्यात प्रगत, मग त्याचाच जीनोम सगळ्यात मोठा असणार ना?

तुमचे प्रश्न दोन आहेत, माणसाचा जीनोम (म्हणजे शरीर कसं घडवायचं याची सगळी लिहिलेली माहिती) सगळ्यात मोठा असतो का आणि व्हायरसला जीनोम असतो का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. मी निपाणीकडचा, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना बायो शिकवतो, दरवर्षी एकतरी पोरगं हेच विचारतंय, म्हणून मी सरळ तंबाखूपासनंच सुरू करतो.

माणसाच्या जीनोममध्ये डीएनएची साधारण ३१० कोटी अक्षरं, म्हणजे ए टी जी सी ही चारच अक्षरं उलटसुलट लिहिलेली. तंबाखूची साडेचारशे कोटीच्या आसपास. कारण काय तर तंबाखू मुळात दोन वेगवेगळ्या रानटी जातींचा संकर, दोघांचे जीनोम तसेच एकात आलेत, २४ आणि २४ मिळून ४८ क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचे गुंडाळलेले तुकडे. आणि कांदा? सोळाशे कोटी! माणसाच्या पाचपट, भजी तळताना कुणाला वाटेल काय.

आता व्हायरस. लहानपणी आम्ही तंबाखूचे शेंडे खुडायला जायचो, हाताला काळा चिकट थर बसायचा, साबणानं पण जाईना. एखाद्या झाडाच्या पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे दिसायचे आणि थोड्या दिवसांनी त्याच सरीतली पुढची झाडं पण तशीच. आजोबा म्हणायचे खताचा जोर कमी पडलाय. कॉलेजात गेल्यावर टोबॅको मोझॅक व्हायरस शिकलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की ओ, तो रोग आम्हीच हातानं पुढं नेत होतो, कारण तो स्पर्शानंच पसरतो. त्याचा जीनोम किती, तर ६४०० अक्षरं फक्त, वहीच्या चार पानांत मावेल एवढा. ते पण डीएनए नाही, त्याचाच भाऊ आरएनए, त्याचा एकच धागा, आणि त्याच्याभोवती एकाच प्रोटीनचे दोन हजारावर तुकडे गोल जिन्यासारखे रचलेले. स्वतःचं घर नाही, झाडाच्या पेशीत शिरून तिच्याच मशिनरीवर स्वतःच्या कॉप्या काढतो. १८९८ साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी ह्यालाच व्हायरस म्हटलं. कोरोनाचा पण आरएनएच, पण तीसेक हजार अक्षरांचा, आरएनए व्हायरसमध्ये तो बराच लांबलचक.

मधले बॅक्टेरिया पटकन सांगतो. ई. कोलायला ४६ लाख अक्षरं, एकच गोल कडं, आणि फालतू, म्हणजे जीन नसलेली, जागा जवळजवळ नाहीच.

फालतू जागा सगळी आपल्यात आणि कांद्यात. आपले प्रोटीन बनवणारे जीन वीसेक हजार, ते जीनोमचा दीड-दोन टक्काच भाग व्यापतात, निम्म्याच्या आसपास तर उड्या मारणाऱ्या जीनचे अवशेष आहेत, जे स्वतःची कॉपी काढून दुसरीकडं जाऊन बसतात. मक्याच्या दाण्यांच्या रंगावरून अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी हे पकडलं, कुणी मनावर घेईना, १९८३ ला नोबेल मिळालं. कांदा एवढा फुगलाय तो ह्याच उड्यांमुळं. हे सगळं अगदीच कचरा असं मात्र मी म्हणणार नाही, काही तुकडे जीन कधी चालू कधी बंद हे ठरवतात.

आणि हो, क्रोमोसोम जास्त म्हणजे जीनोम मोठा असं पण नाही. खानापूरच्या जंगलात रात्री कुत्र्यासारखं भुंकतंय ते भेकर, त्याच्या मादीला ६ क्रोमोसोम आणि नराला ७. त्याच्याच चिनी भावाला, म्हणजे चीनमधल्या भेकराला, ४६. डीएनए काही कुठं गेला नाही, तुकडे एकमेकाला जोडत जाऊन लांबलचक झालेत. वर्गात लगेच कुणीतरी ओरडतंय, सर, नराला ७ म्हणजे एकाची जोडी कुठाय? तर त्याचं असं, नर-मादी ठरवणारे क्रोमोसोम एक्स आणि वाय, त्यातला भेकराचा एक्स दुसऱ्या एका क्रोमोसोमला चिकटलाय, मादीत असे दोन चिकटलेले, नरात एकच, म्हणून त्याच्याकडं वाय वेगळा आणि चिकटायचा राहिलेला जोडीदार पण वेगळा. एक तुकडा जास्त तो असा.