सुटकेआधी जागा बघ

अगं, कैद्याच्या सुटकेचा आदेश आला की मग त्याच्या राहण्याची जागा शोधायची, हा क्रम आधी उलटा कर. जामिनाचे कागद तुरुंगात पोचून माणूस बाहेर पडेपर्यंत अनेकदा संध्याकाळ होते, तोवर गावची शेवटची एसटी गेलेली असते. म्हणून आत भेटायला जाशील तेव्हाच विचार: घरी कोण आहे, ते घेतील का, आणि मुख्य म्हणजे त्या कैद्याला स्वतःला तिथे जायचंय का? (हे शेवटचं कुणी विचारतच नाही.) घरच्यांशी तू स्वतः बोल. ‘पाठवा’ आणि ‘बघू’ यांतला फरक आवाजातच कळतो.

बायकांसाठी पूर्वीची स्वाधार गृहं, आताची शक्ती सदनं (अडचणीतल्या बायकांचे सरकारी निवारे) आहेत. पुरुषांची सोय मात्र तुटपुंजी. महापालिकेचा रात्रनिवारा गरजेला बरा, पण त्यावर महिने काढायचा बेत आखू नकोस. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाच्या कामात आहे, त्यांच्याशी ओळख करून ठेव.

भाड्याची खोली घेताना घरमालकाशी खोटं बोलू नकोस, पोलीस पडताळणीत ते बाहेर येऊ शकतं. आणि आधार कार्ड घरी आहे, पोलीस ठाण्यात की तुरुंगात जमा, ते आत्ताच शोधायला लाग.